इंटरव्ह्यूत 'लग्नाचं काय?' विचारायचं थांबवायचं असेल तर: छोट्या कंपनीत माणसं घेताना काय काय बदलायचं

मी भोसरी एमआयडीसीत एचआर बघते, मशीनिंगच्या छोट्या कंपन्यांमध्येच माझी सगळी नोकरी झालीय, आणि हे मी अशाच लोकांसाठी लिहितेय ज्यांच्याकडे मोठं एचआर डिपार्टमेंट वगैरे नाही, म्हणजे मालक, एक सुपरवायझर आणि अ‍ॅडमिनची एखादी मॅडम असे तिघं मिळून चहा पिता पिता ठरवतात की कोणाला घ्यायचं. मोठ्या कंपन्यांना पॉलिसी असते, ट्रेनिंग असतं. आपल्याकडे ते काही नसतं, पण आपल्याकडे बदल एका आठवड्यात करता येतो, हेही खरंय.

आधी एक प्रसंग सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलंय. काही वर्षांपूर्वी मी जिथे होते तिथे क्यूसी इन्स्पेक्टरची, म्हणजे तयार माल मोजून तपासणाऱ्याची, एक जागा होती. चार जण आले, तीन मुलं आणि एक मुलगी, मुलगी आयटीआय मशिनिस्ट, दोन वर्षांचा अनुभव, तिचे वडील सोबत आलेले आणि ते गेटवर सिक्युरिटी केबिनच्या बाकावर बसून होते. आम्ही चौघांनाही एक टर्न केलेला शाफ्ट (गोल दांडा) आणि मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) दिला आणि डायमीटर लिहायला सांगितला. तिन्ही मुलांनी मायक्रोमीटर उचलला, लावला, रीडिंग लिहिलं. हिनं आधी कापड मागितलं, मायक्रोमीटरच्या दोन्ही टोकांचे फेस पुसले, रॅचेटनं बंद करून झिरो बघितला आणि म्हणाली, "सर, हा एक डिव्हिजन प्लस दाखवतोय, वजा करून लिहू का?" मग शाफ्ट तीन ठिकाणी मोजला, प्रत्येक ठिकाणी थोडा फिरवून परत मोजला. ज्यांनी क्यूसीत काम केलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय, हे शिकवून येत नाही लवकर, हात तसा बसावा लागतो.

त्यानंतर साहेबांनी विचारलं, "लग्नाचं काय ठरलंय?" ती म्हणाली, "अजून काही नाही सर." बाकी तिघांना हा प्रश्न नव्हता. ती बाहेर गेल्यावर चर्चा झाली दहा मिनिटं, मुलगी चांगली आहे पण थर्ड शिफ्टला, म्हणजे रात्रपाळीला, अडचण येईल, सासर कुठलं मिळेल काय सांगता येतं, वगैरे. आमच्याकडे क्यूसीला थर्ड शिफ्ट नव्हतीच! कोणाच्याही ते लक्षात आलं नाही, आणि ज्या बाईच्या हातात मार्कांचा कागद होता, म्हणजे मी, तीही गप्प बसली. एका मुलाला घेतलं. आठ महिन्यांत तो चाकणला जास्त पगारावर गेला, त्यात त्याची काही चूक नाही, पण तेव्हा कोणी म्हणालं नाही की मुलं टिकत नाहीत म्हणून.

मला त्यातून एकच गोष्ट कळली आणि मी ती आजही सगळ्यांना सांगते. त्या खोलीत कोणी वाईट माणूस नव्हता. निर्णय आधी झाला, कारण नंतर शोधलं गेलं. म्हणून "मी भेदभाव करत नाही" असं स्वतःला सांगून काही उपयोग नाही, माणूस समोर यायच्या आधी मोजपट्टी ठरवा आणि कागदावर लिहा, म्हणजे नंतर कारण शोधायला जागाच राहत नाही. जॉबवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, आपण ड्रॉइंगवर आधी लिहितो ना, पार्ट हातात आल्यावर ठरवत नाही, तसंच.

जाहिरातीपासून सुरुवात करा

आपल्या मराठीत क्रियापद आणि विशेषणच लिंग सांगून जातं, हे लक्षात घ्या. "अनुभवी ऑपरेटर हवा" लिहिलं की वाचणाऱ्या मुलीला ते आपल्यासाठी नाही असंच वाटणार, आणि "रिसेप्शनिस्ट हवी" लिहिलं की मुलगा अर्ज करणार नाही. सोपा उपाय म्हणजे "पाहिजेत" वापरा, "सीएनसी ऑपरेटर पाहिजेत, २ जागा" (सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन). किंवा सरळ "स्त्री-पुरुष दोघांनी अर्ज करावा" असं लिहा, ती एक ओळ फार काम करते. सेल्समन, ऑफिसबॉय, "होतकरू तरुण", "मेहनती मुलगा" हे सगळं काढा, त्याऐवजी कामाचं नाव लिहा.

मग "फक्त मेल कँडिडेट" ही ओळ. ती लिहिणाऱ्याला विचारा की का, बहुतेक वेळा उत्तर असतं वजन उचलावं लागतं, किंवा फिरतीचं काम आहे, किंवा शिफ्ट आहे. ठीक आहे, मग तेच लिहा ना. किती किलो, दिवसातून किती वेळा, हातानं की ट्रॉली आणि हॉइस्ट आहे. "टू-व्हीलर लायसन्स पाहिजे, आठवड्यातले तीन दिवस रांजणगाव-चाकण फिरती." "सेकंड शिफ्ट रात्री साडेअकराला सुटते, कंपनीची गाडी आहे." ज्याला जमेल तो येईल, जिला जमेल ती येईल. आणि खरं सांगते, आकडा लिहायला बसलं की अर्ध्या वेळा कळतं की तेवढं वजन कोणीच हातानं उचलत नाही, पुरुष पण नाही, आणि उचलत असेल तर कंबर त्याचीही जाणार आहे.

पिंपरीच्या टेल्कोची (आताची टाटा मोटर्स) गोष्ट पुण्यात बहुतेकांना माहितीये, १९७४ साली बंगळूरला शिकत असलेल्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आताच्या सुधा मूर्तींनी, नोटीस बोर्डावर टेल्कोची जाहिरात बघितली आणि त्यात लिहिलं होतं की महिलांनी अर्ज करू नये. त्यांनी थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं, पुण्याला इंटरव्ह्यूला बोलावणं आलं आणि त्या तिथल्या शॉप फ्लोअरवरच्या पहिल्या महिला इंजिनिअर झाल्या. मला या गोष्टीत त्यांच्या धाडसाइतकंच दुसरं एक दिसतं, की ती जाहिरात वाचून किती जणी गुपचूप पुढे गेल्या असतील, पोस्टकार्ड न लिहिता. आपल्या जाहिरातीमुळे असं कोण कोण पुढे जातंय ते आपल्याला कधीच कळत नाही, म्हणून ती ओळ आधी काढायची.

जाहिरात कुठे जाते तेही बघा. आपल्याकडे निम्मी भरती ओळखीनं होते, सुपरवायझर त्याच्या गावच्या ग्रुपवर टाकतो, ऑपरेटर त्याच्या मेसवर सांगतो, आणि मग येतात ती सगळी मुलंच येतात आणि आपण म्हणतो मुली अर्जच करत नाहीत. ओळखीनं घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण तीच जाहिरात मुलींच्या आयटीआयला, पॉलिटेक्निकच्या प्लेसमेंट सरांना आणि कंपनीत आधीच असलेल्या बायकांना पण पाठवा.

बायोडेटा बघताना

मराठी नावच इतकं काही सांगून जातं की बस. मधलं नाव वडिलांचं का नवऱ्याचं, पुढे कुमारी का सौभाग्यवती, आडनाव बदललंय का, आणि वर वैवाहिक स्थितीचा रकाना, फोटो, जन्मतारीख. कामाशी यातल्या कशाचाच संबंध नाही. मी काय करते, बायोडेटा आला की एका एक्सेल शीटमध्ये फक्त शिक्षण, अनुभव, कुठल्या मशीन चालवल्या, कुठली इन्स्ट्रुमेंट येतात एवढंच भरते, नावाच्या जागी नंबर टाकते, आणि सुपरवायझरला ती शीट देते. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. तुमच्या कंपनीचा छापील अर्ज असेल तर त्यातला लग्नाचा आणि मुलांचा रकाना पुढच्या छपाईत काढून टाका, पीएफ आणि ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) फॉर्मला ती माहिती लागते पण ती जॉइन झाल्यावर घ्यायची.

नाव झाकल्यानं काय फरक पडतो असं वाटत असेल तर २०१२ सालचा अमेरिकेतला एक अभ्यास सांगते. विद्यापीठातल्या १२७ विज्ञानाच्या प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज दिला, काहींना जॉन नावानं, काहींना जेनिफर नावानं. बाकी शब्द न् शब्द तोच. जॉन जास्त लायक ठरला आणि त्याला देऊ केलेला पगारही जास्त होता, साधारण ३०,००० डॉलर विरुद्ध साडेसव्वीस हजार. आणि असं करण्यात बाई प्राध्यापकही पुरुषांपेक्षा मागे नव्हत्या, म्हणून "पॅनलवर एक बाई आहे ना, मग झालं" हे मी ऐकून घेत नाही. मी स्वतः त्या कागदासकट गप्प बसले होते.

मध्ये दोन-तीन वर्षांचा गॅप दिसला तर लगेच बाजूला टाकू नका. आणि बायोडेटा छाटायला एखादं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते निष्पक्ष असेलच असं धरून चालू नका, अ‍ॅमेझॉननं असं एक टूल बनवलं होतं, ते जुन्या अर्जांवरून शिकलं आणि जुने अर्ज बहुतेक पुरुषांचे, त्यामुळे ज्या बायोडेटात 'विमेन्स' हा शब्द असेल त्याला ते कमी लेखायला लागलं. शेवटी त्यांना ते बंद करावं लागलं, २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली.

प्रश्न आधी लिहून काढा, सगळ्यांना तेच

सहा-सात प्रश्न पुरतात. सगळे कामाचे, सगळ्यांना त्याच क्रमानं. हे ऐकायला शाळेसारखं वाटतं, आमच्या साहेबांना पण वाटलं, त्यांचं म्हणणं होतं की गप्पा मारता मारता माणूस कळतो. पण गप्पांमध्ये काय होतं, मुलाशी क्रिकेट आणि गाव, आणि मुलीशी घरी कोण कोण असतं, आणि मग मुलगा आपला वाटतो.

हे प्रश्न पूर्ण बंद: लग्न झालंय का, कधी करणार, मुलं किती, त्यांना कोण सांभाळतं, नवरा काय करतो, घरच्यांची परवानगी आहे का, सासरचे नोकरी करू देतील का. मुलांनाही काही प्रश्न बंद, बायको कमावते का, घर तुमच्यावरच चालतं का. हा शेवटचा प्रश्न फार सहानुभूतीनं विचारला जातो आणि मग त्यावरच ठरतं की याला गरज आहे, याला द्या. मग तिची गरज कोणी विचारलीय का? तिच्यावर आई-वडिलांचं कर्ज असेल, लहान भाऊ शिकत असेल, कोणाला माहिती. दया हा नोकरीचा निकषच नको, नाहीतर ती कायम एकाच बाजूला वळते.

ज्या खऱ्या अडचणीसाठी आपण हे आडून विचारतो ती सरळ विचारा. "ही जागा रोटेशन शिफ्टची आहे, महिन्यातून एक आठवडा सेकंड शिफ्ट, जमेल का?" "महिनाअखेरीला स्टॉक असतो तेव्हा दोन दिवस उशिरापर्यंत थांबावं लागतं, जमेल का?" चौघांनाही विचारा, आणि जे उत्तर येईल ते लिहा. एकदा एका मुलानं मला सांगितलं की जमणार नाही, आई आजारी असते, संध्याकाळी त्यालाच घरी असावं लागतं. मुलींनाच विचारत बसले असते तर हे जॉइन झाल्यावर कळलं असतं.

वडील किंवा भाऊ सोबत आले तर त्यांना पाणी द्या, बसवा, पण आत बोलवू नका आणि त्यांच्याशी पगाराचं बोलू नका. त्यांना पूर्ण अधिकार आहे कंपनी बघायचा, गेट, गाडी, टॉयलेट सगळं दाखवा हवं तर. आणि टॉयलेटवरून आठवलं, "आमच्याकडे लेडीज टॉयलेट नाही म्हणून घेत नाही" हे कारण मी खूप ठिकाणी ऐकलंय. ते कारण नाही, ते बांधकामाचं काम आहे. कायद्यानं तर ते लागतंच.

काम करायला लावा

मी सगळ्यात जास्त विश्वास यावर ठेवते. वीस मिनिटांचं खरं काम द्या, अकाउंट्सला जीएसटीची दहा बिलं द्या आणि एन्ट्री करायला सांगा, स्टोअरला एक चलन आणि माल द्या, ऑपरेटरला ड्रॉइंग देऊन सेटिंग तोंडी सांगायला लावा, फ्रंट ऑफिसला चिडलेल्या कस्टमरचा एक फोन घ्यायला लावा. मार्क कशाला किती ते आधी ठरवा. आमच्या त्या मार्कांच्या कागदावर मायक्रोमीटरच्या टेस्टला तेव्हा मार्कच नव्हते, नुसती बघण्यापुरती होती, म्हणून तिनं झिरो चेक केला ते हवेतच विरलं. आता मी लिहिते: इन्स्ट्रुमेंट पुसलं १, झिरो बघितला २, एकापेक्षा जास्त ठिकाणी मोजलं २, रीडिंग बरोबर ५.

चर्चेची दहा मिनिटं

इथेच सगळं बिघडतं म्हणून जरा नीट सांगते. माणूस बाहेर गेला की कोणी काही बोलायच्या आधी तिघांनी आपापले मार्क आपापल्या कागदावर लिहायचे, मग कागद टेबलावर, मग बोलायचं. आणि मालकांनी सगळ्यात शेवटी बोलायचं, कारण साहेब एकदा "मला नाही वाटत" म्हणाले की सुपरवायझरचं मत दोन सेकंदात बदलतं, त्याला तिथेच नोकरी करायचीय.

काही शब्द आले की थांबा. "टिकणार नाही" हे भविष्य आहे, मार्क नाही, तर हजेरीपट उघडा आणि मागच्या तीन वर्षांत कोण किती महिने टिकलं ते बघा. मग बोला. "जरा जास्तच बोलते" किंवा "अ‍ॅटिट्यूड आहे" असं आलं तर स्वतःला विचारा की हेच एखाद्या मुलानं केलं असतं तर आपण कॉन्फिडंट म्हणालो असतो का. "टीममध्ये बसणार नाही" म्हटलं तर विचारा, कुठल्या कामात बसणार नाही?

आणि कौतुकाचे शब्द पण तपासा, हे सहसा कोणी करत नाही. "मुली नाजूक कामाला बऱ्या, हात हलका असतो" म्हणून त्यांना असेंब्ली, पॅकिंग, सोल्डरिंगला घ्यायचं, आणि त्याच कामाची ग्रेड खालची ठेवायची. हात हलका असेल तर तो सीएनसी सेटिंगला पण चालतो की. तसंच मुलगा रिसेप्शनला किंवा नर्सिंगला आला की त्याच्याकडे काहीतरी कमी असणार असं बघायचं, तेही हेच.

मग समोरच्याला काय म्हणायचं? मी भांडत नाही. मी विचारते, "साहेब, हे आपल्या मार्कांच्या शीटवर कुठल्या रकान्यात लिहू?" रकाना नसेल तर तो मुद्दा गेला. "थर्ड शिफ्टचं लिहू का? पण जागा जनरल शिफ्टची आहे." एवढं बोलायला मला तेव्हा जमायला हवं होतं.

मॅटर्निटीचं काय

हा प्रश्न टाळून चालणार नाही, मालकांच्या मनात तो असतोच आणि त्यात पैशाचा भाग खरा आहे. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. पण खूप मालकांना हे माहीतच नसतं की ज्यांचा पगार ईएसआयच्या मर्यादेत आहे, म्हणजे महिना २१,००० पर्यंत, आणि ज्यांचं योगदान नियमानुसार भरलेलं आहे, त्यांचे ते पैसे ईएसआयसी देतं, कंपनी नाही. शॉप फ्लोअरवरच्या बऱ्याच जागा यात येतात. त्यावरच्या पगाराला कंपनीला द्यावे लागतात आणि छोट्या कंपनीला ते जड जातं, मला मान्य आहे, सरकारनं यात हात द्यायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याचं उत्तर एखाद्या पंचवीस वर्षांच्या मुलीला नोकरी न देणं हे होऊ शकत नाही, जिचं अजून लग्नही ठरलेलं नाही तिच्या अजून न झालेल्या बाळासाठी. सोय आधी करून ठेवा, प्रत्येक जागेचं काम येणारी दुसरी एक व्यक्ती तयार ठेवा, कोणी अपघातात पाय मोडून दोन महिने घरी बसलं तरी तीच सोय कामाला येते. ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर पण लागतं, तेही विसरू नका.

पगार ठरवताना "आधी किती होता?" विचारू नका, आधीच्या ठिकाणी कमी दिला असेल तर तो कमीपणा तुम्ही पुढे चालवता. जागेचा पगार आधी ठरवा, कमीत कमी ते जास्तीत जास्त, आणि टेस्टच्या मार्कांवरून त्यात बसवा.

कायद्याचं थोडक्यात. भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून बंदी आहे, आता त्या जागी २०१९ ची वेतन संहिता आहे, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. दुकानं-ऑफिसांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा पण हेच सांगतो. रात्रीच्या शिफ्टला बाईची संमती आणि सुरक्षेची सोय लागते, ती सोय करायची जबाबदारी आपली, म्हणजे "रात्री बाई नको" हा पर्याय त्यात नाही. आणि "आमच्या लाइनमध्ये पहिल्यापासून असंच आहे" हे कोर्टात चालत नाही, मुंबईच्या सिनेइंडस्ट्रीत बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्ड मिळत नव्हतं, फक्त हेअरड्रेसरचं मिळायचं, कारण काय तर पुरुषांचं काम जाईल, कित्येक दशकं तसंच चालू होतं, आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं.

शेवटचं काम, शीट फाडू नका. प्रत्येक जागेची फाइल ठेवा आणि वर्षातून एकदा मोजा, अर्ज किती मुलींचे आले, शीटवरून किती बोलावल्या, टेस्टला किती पास झाल्या, ऑफर किती जणींना गेली, जॉइन किती झाल्या. अर्जच कमी असतील तर जाहिरात आणि ती कुठे जाते ते बघा. टेस्टला चांगले मार्क आहेत आणि ऑफर नाही, तर त्या दहा मिनिटांत काय बोललं गेलं ते बघा. ऑफर जाऊनही कोणी येत नसेल तर एकीला फोन करून विचारा, बहुतेक वेळा गाडी गेटपर्यंत येत नाही किंवा टॉयलेटची चावी सुपरवायझरच्या खिशात असते.